कडक वहिनीचा डावा हात

कडक वहिनीने इमारतीच्या मालकांच्या पोटावर हात फिरवून इस्त्रीचं दुकान स्वतःच्या नावावर करून घेतलं, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा सोडली ती सलूनवाल्याने. तीही एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून, गळ्यापाशी वस्तरा धरून, म्हणजे त्या बिचाऱ्याला "छे, काहीतरीच" म्हणायचीही सोय नाही. बातमी चहाच्या टपरीपर्यंत गेली तेव्हा दुकानाच्या जोडीला वरचा मजलाही वहिनीच्या नावावर झाला होता. संध्याकाळी ती फिरून सलूनपाशी आली तोवर तर वहिनीने मालकांना हात लावूनच वर पाठवलं, असं पक्कं ठरलं होतं.

यातलं दुकानाचं तर अगदी उलटं. ते तिच्या नावावर झालं नाही, ते गेलं. मालकही गेले, पण त्यांना न्यायला जे आलं होतं ते वहिनीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या पोटात मुक्काम ठोकून होतं. हात मात्र तिने ठेवला होता. तेवढं खरं आहे, आणि जे काही झालं ते त्या हातापायीच झालं.

तिला कडक म्हणायची दोन कारणं. एक तिची कॉलर. तिच्या टेबलावरून उतरलेल्या शर्टाची कॉलर इतकी ताठ उभी राहायची की घालणाऱ्याला झक मारत मान वर करून चालावं लागे. गल्लीतले दोघेतिघे गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले लोक केवळ तिच्या इस्त्रीमुळे इभ्रतदार दिसत. दुसरं कारण तिची जीभ. एकदा शाळेतले मास्तर पँट परत घेऊन आले, "वहिनी, घडी मोडलीय," म्हणाले. ती म्हणाली, "मोडलेली नाही मास्तर, तुम्ही तिच्यावर बसलायत."

दुकान म्हणजे मालकांच्या तीन मजली इमारतीत, जिन्याला चिकटून असलेली एक खोली. आत टेबल आणि वहिनी मावली की संपलं, गिऱ्हाइकाने जे काय बोलायचं ते उंबऱ्याबाहेरून. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा एक तपकिरी डाग. तो डाग पडला त्या दुपारी तिचा फोन वाजला होता. नवरा डिलिव्हरीची गाडी चालवायचा. कुणाच्या तरी घरी फ्रीज चढवताना त्याची पाठ गेली होती. फोन कानाला लावून ती उभी राहिली आणि इस्त्री जिथे होती तिथेच राहिली. चादर बदलणं तिला परवडलं नाही असं नाही, पण बदलली नाही.

तिची काम करायची एक ढब होती. उजव्या हातात इस्त्री, आणि डावा तळवा तिच्या मागोमाग. इस्त्री पुढे सरकली की त्या तापल्या कापडावरून डावा हात फिरवायचा, कुठे ओल राहिली का बघायची, राहिलेली सुरकुती तिथल्या तिथे बसवायची. लहानपणी शिकतानाच हाताला तसं वळण पडलं होतं. त्यामुळे दिवस संपताना तिचा उजवा हात आखडलेला असे, आणि डावा भट्टीतून काढलेल्या पावासारखा ऊन.

नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. गाडी विकून ते झालं. पाठ सरळ झाली पण ताकद काही परत आली नाही. तो घरी लाकडी पलंगावर आडवा पडून रेडिओ ऐकायचा आणि घरात येणाऱ्याजाणाऱ्याला हसवायचा, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. तेवढ्यात ज्या हॉटेलच्या चादरी आणि उशांचे अभ्रे यायचे, त्या हॉटेलने कुठल्याशा मशीनच्या लाँड्रीशी संधान बांधलं. उरलेल्या जगाने चुरगळलेले कपडे घालायची फॅशन काढली. दुकानाचं भाडं एकदा थकलं, मग थकतच गेलं.

काळजी वहिनीच्या बरगड्यांखाली डाव्या बाजूला येऊन बसली. मुठीएवढी. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती जागी असायची. डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. टेन्शन आहे. घेऊ नका."

"मी आणायला जात नाही डॉक्टर," वहिनी म्हणाली. "घरपोच येतं."

त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर नर्समावशी राहायची. जन्मभर वॉर्डात सुया टोचून निवृत्त झाली होती, आणि निवृत्त झाल्यावर कुणाकडून तरी हात ठेवून बरं वाटायला लावायची विद्या शिकून आली होती. कुणी त्याला रेकी म्हणे, कुणी ऊर्जा म्हणे, सलूनवाला त्याला बिनतेलाची मालिश म्हणे. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या बैठकीच्या खोलीत पाचसहा जण गोल करून बसत. पैसे घ्यायचे नाहीत हा तिचा नियम होता. पैसे घेतले की हात ठेवताना माणूस नाही, खिसा दिसतो, असं तिचं म्हणणं.

वहिनी पहिल्यांदा गेली ती केवळ फुकट होतं म्हणून. दुकान बंद केलं, एक जिना चढली आणि दारातल्या खुर्चीवर टेकली.

"डोळे मिट," मावशी म्हणाली. "आता सांग, काळजी कुठे बसलीय?"

"कुठली? भाड्याची की औषधांची?"

"दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बसतात का तुझ्या?"

"नाही, जागा लहान आहे. ॲडजस्ट करून बसतात."

कुणीतरी फिसकन हसलं. मावशी हसली नाही. "तिथे हात ठेव. दाबायचं नाही. तिला हाकलायचंही नाही. आलीयस ना, बस, एवढंच म्हणायचं. श्वास येईल जाईल तो बघायचा. आणि हिशोब करायचा नाही. बाकी कधीही कर, हात ठेवलेला असताना नाही."

वहिनीने डावा तळवा बरगड्यांखाली ठेवला. मनात म्हणाली, काय हा पोरखेळ. मग ऊब आत उतरायला लागली आणि तिला कळलं की आपण खांदे कानांपर्यंत वर ओढून बसलो होतो, कारण ते आता खाली येत होते. ती डोळे मिटून राहिली. उघडले तेव्हा बाकीच्यांचा चहा पिऊन झाला होता आणि कुणीतरी तिच्या अंगावर शाल टाकली होती. काळजी होती तिथेच होती. पण मुठीची बोटं जरा उघडल्यासारखी वाटत होती.

मग ती दर गुरुवारी जाऊ लागली. घरीही सकाळी दुकानाची किल्ली उचलायच्या आधी पलंगाच्या कडेला बसून हात ठेवायची. नवरा म्हणायचा, "पोट दुखतंय का?" ती म्हणायची, "गप्प बसा, मी आत्ता गरीब नाहीये."

बिघडायला सुरुवात झाली ती एकमेकांवर हात ठेवायच्या दिवशी. मावशीने जोड्या लावल्या आणि वहिनीच्या वाट्याला आल्या मालकीणबाई. तिसऱ्या मजल्यावरून त्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. मालकांच्या पोटात गाठ निघाली होती, दर पंधरवड्याला हॉस्पिटलात नेऊन सुई द्यायची आणि मग त्यांच्या ओकाऱ्या पुसत बसायचं, यात बाईंचा खांदा आणि जीव दोन्ही आखडून गेले होते. वहिनी त्यांच्या मागे उभी राहिली. मालकिणीच्या खांद्यावर हात ठेवताना भाड्याचं आठवणार नाही अशी बाई अजून जन्माला यायचीय, पण तिने श्वासाकडे लक्ष दिलं आणि डावा तळवा टेकवला.

मालकीणबाईंनी डोळे उघडले. "अगं, हा हात आहे की शेगडी?"

मावशीने येऊन वहिनीचे दोन्ही तळवे आपल्या हातात घेतले. मग डावा पुन्हा घेतला. "डावाच जास्त गरम आहे. उजवा नाही तेवढा. नवल आहे. काहींच्या हातात मुळातच असतं ते."

आता दिवसभर शाळेचे गणवेश इस्त्री केलेल्या बाईचा डावा हात गरम नसणार तर कुणाचा असणार? वहिनीने तोंड उघडलंही. "अहो मावशी, मी आत्ताच खालून..." एवढं म्हणून ती थांबली, कारण मालकीणबाई रडत होत्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, किती दिवसांचं साठलेलं कुणास ठाऊक. अशा वेळी मधेच गणवेशाचं काय काढायचं. आयुष्यभर जिची जीभ कधी कुणापुढे अडली नाही, ती बाई नेमक्या त्या क्षणी गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई स्वतः दुकानाच्या उंबऱ्याशी आल्या. "ह्यांच्या पोटावर ठेवशील का हात? रोज संध्याकाळी, थोडा वेळ. भाड्याचं मग बघू. मागचंही राहू दे."

वहिनीने रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हणजे आता तू हात भाड्याने दिलास."

"मावशीचा पैसे न घ्यायचा नियम आहे. हे पैसे कुठे आहेत?"

"तेच म्हणतो मी. नियम मोडला नाही, भाडंही फिटलं. वकील व्हायला हवी होतीस."

मालक पूर्वी कसे होते तेही सांगायला हवं. जिन्यातला दिवा कुणी जळत ठेवला तर तीन मजले उतरून बंद करायला येणारा माणूस. कपड्यांचा मात्र शौक. हॉस्पिटलात जायचं तरी आदल्या दिवशी शर्ट खाली इस्त्रीला यायचा, डॉक्टरांसमोर चुरगळून जायचं नाही म्हणून. आता शर्टात त्यांच्यासारखे दोन मावले असते. वहिनी शेवटचा गठ्ठा बांधून दुकान ओढून घ्यायची आणि तडक तिसऱ्या मजल्यावर. मालक म्हणायचे, "ये गं शेगडी." ती सदऱ्यावरून पोटावर हात ठेवायची, हलकाच, जणू हाताखाली ओलं कापड आहे. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरायच्या आणि ते झोपी जायचे. ते बघताना तिला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगा, दोन्ही अंगांनी बरं वाटायचं. माणूस झोपतोय आणि खाली दुकान उघडं आहे.

एके दिवशी सकाळपासून वीज गेली. कुठल्याशा खांबावर काम निघालं होतं. वहिनी दिवसभर गार इस्त्रीसमोर बसून राहिली, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे वर गेली. हात ठेवला. मालकांनी डोळे उघडले.

"आज काय झालंय? हात मेलाय तुझा."

तिने दुसरा ठेवून पाहिला, मग दोन्ही. मालक कूस बदलत राहिले. दाराशी पोचवायला आलेल्या मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या जरा मन लावून ये हं. तू गेलीस की ते मला विचारतात, भाड्याचं काय ठरलं म्हणून."

तेव्हा तिला पुरतं कळलं, की वर झोपतो तो माणूस इस्त्रीच्या उबेने झोपतो. सांगून टाकायला तोच दिवस ठीक होता. पण दुसऱ्या दिवशी वीज आली, तिने काम उरकलं, आणि वर जायच्या आधी एक जाड टॉवेल घडी करून त्याच्यावर इस्त्री टेकवली, मग त्या टॉवेलवर डावा हात दाबून उभी राहिली. तळवा लाल झाला. वर मालक म्हणाले, "हां, आली शेगडी."

त्यानंतर हे रोजचंच झालं. कपडे संपलेले असले तरी ती रिकाम्या चादरीवर इस्त्री फिरवायची. मीटर मालकांचाच होता, विजेचं बिल भाड्यातच धरलेलं. सलूनवाला समोरून बघायचा आणि म्हणायचा, "वहिनी, कुणाचे कपडे करताय, भुताचे?" ती इस्त्री पुढे ढकलायची. आणि सकाळी पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवला की तो हात आता काही केल्या गप्प बसेना. भाडं वाचलं किती, आणखी किती दिवस वाचेल, मालक बरे झाले तर काय, नाही झाले तर काय. ज्या एका जागी तिला हिशोब नको होता, तिथेच तो येऊन बसला. शेवटी तिने सकाळचा हात ठेवणं सोडून दिलं.

मग पंधरवडा भरला आणि शर्ट खाली आला नाही.

वहिनीला वाटलं, विसरले असतील. पुढच्या पंधरवड्याला पाळीने आकाशी शर्ट यायला हवा होता, तोही आला नाही. कपडे इस्त्री करणाऱ्या माणसाला गल्लीत कोण कुठे चाललंय हे त्याच्या जाण्याआधी कळतं. लग्न, मुलाखत, कोर्ट, सगळं आधी टेबलावर येतं. संध्याकाळी हात ठेवता ठेवता तिने विचारलं, "मालक, शर्ट नाही दिलात या वेळी?"

"कशाला? जात नाही आता मी तिथे." मालक डोळे मिटूनच बोलत होते. "सुई घ्यायची आणि तीन दिवस बादलीत तोंड घालून बसायचं. त्यापेक्षा तू बरी. तुझा हात ठेवला की दुखत नाही."

वहिनीने मालकिणीकडे पाहिलं. त्या खिडकीचा पडदा सारखा करत होत्या. "बरं वाटतंय त्यांना," त्या म्हणाल्या. "मी कशाला भांडू?"

ती जिना उतरून सरळ मावशीच्या दारात. मावशी भाजी चिरत होती. तिने ऐकलं, सुरी तशीच ठेवली आणि चप्पल न घालताच वर गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मला म्हणाले, विद्या शिष्येकडे गेली म्हणून तुमच्या पोटात दुखतंय का. मला." ती खुर्चीत बसली. "अगं, हात सुईच्या शेजारी ठेवायचा असतो. सुईच्या जागी नाही. हे काय सांगायला लागतं माणसांना?"

"मावशी, माझा हात इस्त्रीने तापतो," वहिनी म्हणाली. "दिवसभर डावा हात कापडावरून फिरतो, त्याने. आणि हल्ली तर मी मुद्दाम तापवून जाते."

मावशीने तिचा डावा तळवा उलटून पाहिला. "म्हणजे सगळं इस्त्रीचंच?"

"सगळं की थोडं, मला कसं कळणार? हात एकच आहे."

"मी सांगू का त्यांना?"

"तुमचं ते ऐकत नाहीत. माझंच ऐकतात."

घरी नवरा रेडिओ बारीक करून सगळं ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "सांगितलंस तर दुकान जाईल. आजच्या आज म्हणतील, उचला टेबल."

"हो."

"मी उठून काही करू शकत नाही."

"माहीत आहे मला."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर शर्ट यायचा नाही," वहिनी म्हणाली. "इस्त्रीच वर नेऊन दाखवते त्यांना."

तो भिंतीकडे वळला. त्याला कूस बदलायला बराच वेळ लागायचा, आणि तोंडातून आवाज येऊ नये म्हणून तो दात दाबून धरायचा. वळून झाल्यावर भिंतीला सांगावं तसा म्हणाला, "इस्त्री जड आहे. जिना चढताना कठडा धर."

पुढल्या सुईच्या आदल्या संध्याकाळी वहिनी इस्त्री घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. एका हातात इस्त्री, काखेत ब्लँकेट. हात आधी नळाखाली धरून गार केले होते. मालकीणबाईंना म्हणाली, "त्यांचा आकाशी शर्ट द्या." त्यांना वाटलं यातही काही विधी असेल. त्यांनी दिला. तिने जेवणाच्या टेबलावर ब्लँकेट पसरलं, प्लग लावला, आणि आधी गार हात मालकांच्या पोटावर ठेवला.

"मेलाय परत," मालक म्हणाले.

"थांबा जरा."

तिने त्यांच्यासमोर शर्ट केला. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, मग पाठ, नेहमीसारखा सावकाश, डावा हात मागोमाग फिरवत. खोलीत तापलेल्या सुताचा वास भरला. शर्ट खुर्चीला लावून ती पलंगाशी आली आणि तोच हात पुन्हा ठेवला.

मालक पोटावरच्या हाताकडे बघत राहिले, मग टेबलावरच्या इस्त्रीकडे. आयुष्यभर विजेच्या बिलाकडे बघितलेल्या माणसाला फार समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे इतके दिवस मी इस्त्रीखाली झोपत होतो," ते म्हणाले.

"माझ्या मनात तुमचं बरं व्हावं असंही होतं. पण ऊब इस्त्रीची होती. गाठीला ती कळत नाही."

मालकीणबाई दारातून पुढे आल्या. "भाडं वाचवायला केलंस हे तू?"

"हो."

"आजारी माणसाशी? लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तर इस्त्री वर घेऊन आले." तिने प्लग काढला. "शर्ट झालाय. उद्या सुई आहे."

मालक दुसऱ्या दिवशी तो शर्ट घालून हॉस्पिटलात गेले. गल्लीने पाहिलं, दोघांनी धरून गाडीत बसवलं, कॉलर ताठ आणि आत मान काडीसारखी. डॉक्टर मधल्या खाड्याबद्दल रागावले म्हणे. सुया पुन्हा सुरू झाल्या, पण गाठ थांबून राहिली नव्हती. थंडी सरायच्या आधीच ते गेले. मधे खंड पडला नसता तर जगले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, वहिनीला तर कोण सांगणार. तिने विचारलंही नाही. विचारायला दार उघडं नव्हतं.

दुकानाचं दार तर त्याआधीच बंद झालं होतं. मालकीणबाईंनी निरोप पाठवला, स्वतः आल्या नाहीत. टेबल खोलीबाहेर निघेना, तेव्हा सलूनवाल्याने त्याचे पाय कापून दिले आणि घरी नेऊन पुन्हा ठोकून दिले. बोलतो वाटेल ते, पण पैसे घेतले नाहीत. बातमी सोडली ती नंतर, त्याच हातांनी दाढी करता करता.

आता ती घरातच इस्त्री करते. पुढच्या खोलीत पलंग भिंतीला सरकवला आणि खिडकीशी टेबल लावलं, तर चालायला जागा राहिली नाही. नवरा पडल्या पडल्या कपड्यांवर पाणी शिंपडतो. घर गल्लीत फार आत आहे, गिऱ्हाईक तेवढं आत येत नाही. ज्यांना हाताची बातमी खरी वाटली ते भीतीने येत नाहीत, ज्यांना खोटी वाटली ते तिला फसवी समजून येत नाहीत. औषधं उधारीवर येतात. गुरुवारी ती अजून मावशीकडे जाते, पण वर चढायच्या आधी खालच्या नळावर दोन्ही हात गार करून घेते. तिच्या हाताखाली आता काहींना बरं वाटतं, बऱ्याच जणांना काही वाटत नाही. सकाळचं बसणं मात्र तिने पुन्हा सुरू केलंय. पलंगाच्या कडेला, बरगड्यांखाली हात ठेवून. काळजी आता मुठीपेक्षा मोठी झालीय, हाताखाली पूर्ण मावत नाही. जेवढी मावते तेवढीवर ती हात ठेवते.

परवा संध्याकाळी मालकीणबाई वहिनीच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. दारात उभ्या राहिल्या, मग नवऱ्याने पलंगावरूनच स्टूल दाखवलं तेव्हा बसल्या. नेसूचं पातळ चुरगळलेलं होतं, आणि हे वहिनीच्या आधी कुणाच्या लक्षात यायचं नव्हतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं नाही. त्या एकदम म्हणाल्या, "इमारत विकायचं म्हणतायत मुलगा-सून. हॉस्पिटलात सगळं गेलं. मी कुठे राहायचं ते अजून ठरत नाहीये त्यांचं."

वहिनी कपड्यांची घडी घालत राहिली.

"झोप लागत नाही मला. हा खांदा बघ, दगड झालाय. मावशी ये म्हणते, पण तिथे सगळे तोंडाकडे बघत बसतात." त्या थांबल्या. नवऱ्याने रेडिओ बंद केला. "तुझा हात ठेवतेस का जरा? इस्त्रीचा असला तरी चालेल मला."

वहिनीने हातातली घडी गठ्ठ्यावर ठेवली. टेबलावर इस्त्री गार पडलेली होती, आणि बाजूला उद्या द्यायचे दोन शर्ट होते.

"बसा मग," ती म्हणाली. "हे दोन शर्ट होईपर्यंत थांबावं लागेल. आता मीटर माझा आहे बाई, नुसता हात तापवायला मी वीज जाळत नाही."